फॉरमॅट मारूनही कॉम्प्युटर बंद पडतोय? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनो, तुमचा अनुभव लिहा

कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला की आपल्याकडं पहिला सल्ला ठरलेला असतो, "फॉरमॅट मारून घ्या". पैसे जातात, टॅलीचा डेटा आणि मराठीचे फॉन्ट परत भरत बसावं लागतं, आणि आठवड्यात मशीन पुन्हा तिथंच. बिघाड रॅममध्ये, एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणारा डबा), पंख्यात किंवा भिंतीतल्या सॉकेटमध्ये असेल तर विंडोज कितीही वेळा नवीन टाकलं तरी काय होणार? आपल्या भागात तर खानापूरकडचा पाऊस, निपाणीची तंबाखूची धूळ, उद्यमबागेतला लोखंडाचा भुगा आणि खालीवर होणारी लाईट, सगळंच मशीनच्या मुळावर उठलेलं. पुण्यात बसून केलेले व्हिडिओ यातलं काही सांगत नाहीत. म्हणून हा धागा.

लिहिताना एवढं जरूर सांगा: मशीन नेमकं कधी बंद पडायचं, पडताना काय दिसायचं (निळा स्क्रीन, गोठलेलं चित्र की थेट अंधार), आणि कोणता भाग बदलल्यावर ते थांबलं. "नीट झालं" एवढ्यानं दुसऱ्याला उपयोग होत नाही.

सुरुवातीला दोन गोष्टी मी सांगतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) "कर्नल-पॉवर ४१" दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ इतकाच, की मशीन रीतसर शटडाउन न होता बंद झालं. कारण त्यात नसतं. पण त्याच वेळेची फाइल विंडोजच्या मिनीडम्प फोल्डरमध्ये (निळा स्क्रीन आला की त्याची नोंद इथं पडते) नसेल, तर निळा स्क्रीन यायच्या आतच वीज तुटली असण्याची शक्यता मोठी, आणि संशय एसएमपीएस, उष्णता, वायरिंग यांच्याकडं वळवावा. दुसरी गोष्ट, पेनड्राइव्हवर कुठलंही लिनक्स घ्या आणि डिस्कला हात न लावता त्यावरून मशीन चालवा. तिथंही ते गोठत किंवा बंद पडत असेल तर विंडोजचा दोष जवळजवळ नाहीच. ही चाचणी फुकट आहे आणि फॉरमॅटच्या आधी करायची आहे.

निपाणी, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो

आमचं मशीन चैत्र-वैशाखात त्रास द्यायचं. सकाळी चांगलं चालायचं, अकरानंतर फट् करून बंद. निळा स्क्रीन नाही, काही नाही. लगेच चालू केलं की आधीपेक्षा लवकर बंद पडायचं, जेवून आल्यावर लावलं तर बराच वेळ टिकायचं. हा नमुना ज्याच्याकडं असेल त्यानं बाकी काही बघायच्या आधी उष्णता बघावी. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूमॉनिटर प्रोग्रॅम लावून ठेवला, तर नुसती टॅली उघडी असताना प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढं. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात, तरी भागलं नाही तर स्वतःला वाचवायला थेट बंद होतात.

झाकण काढलं तेव्हा पंखा व्यवस्थित फिरत होता, म्हणून मिस्त्री म्हणाला पंखा चांगला आहे. पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलल्यावर खरं दिसलं. पंखा आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये तपकिरी रंगाचा नमदा बसला होता, बोटानं सोलून निघेल असा. तंबाखूची भुकटी पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात वाळून घट्ट होते, ब्लोअरनं वरवर हवा मारून ती निघत नाही. पट्ट्या काढून मऊ ब्रशनं साफ केल्या, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या डाळीएवढी नवीन लावली. तेव्हापासून तेच काम पन्नास-पंचावन्न अंशांत होतं. डबा जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवलाय. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं ते भलत्या वेगानं फिरलं की बेअरिंग जातं.

जांबोटी रस्ता, खानापूर तालुका, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान

आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला पाणी सुटतं, मशीनचं काय घेऊन बसलाय. सकाळी बटण दाबलं की बीप बीप आणि स्क्रीन काळा. उतारे काढायला आलेली माणसं बाकावर बसलेली. दुपार झाली की आपोआप चालू व्हायचं, पण मधेच निळा स्क्रीन यायचा आणि त्यावर दर वेळी वेगळं नाव. मेमरी मॅनेजमेंट, मग काहीतरी दुसरंच. नाव सारखं बदलत असेल तर रॅमचा संशय घ्यावा, हे मला बेळगावच्या एका जुन्या मेकॅनिकनं सांगितलं.

रॅमच्या सोनेरी टोकांवर ओलीनं काळपट थर धरतो. वायर काढून, पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसून, कचरा झटकून परत बसवली की सुरू व्हायचं. पण महिनाभरात परत तेच. मग मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावलं. एकच पट्टी, एकच खाच, असं आळीपाळीनं. पहिल्या खाचेत दोन्ही पट्ट्या पास झाल्या, दुसऱ्या खाचेत दोन्ही पट्ट्यांना लाल ओळी, म्हणजे चुका. म्हणजे रॅम चांगली होती, बोर्डावरची खाच गंजली होती. नवीन रॅम घेतली असती तर पैसे पाण्यात. आता पहिल्याच खाचेत एक मोठी पट्टी आहे. मेमटेस्टमध्ये एक जरी लाल ओळ आली तरी नापासच धरायचं, "एवढ्यानं काय होतंय" म्हणायचं नाही.

पावसाळ्यात दुकान बंद असलं तरी मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवते. आतल्या उष्णतेनं ओल धरत नाही.

उद्यमबाग, बेळगाव, मशीन शॉप

सीएनसीचे प्रोग्रॅम ज्या कॉम्प्युटरवर करतो तो शेजारच्या शेडमधला मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला की रीस्टार्ट व्हायचा. धागाकर्त्यांनी लिहिलंय तसंच, दर वेळी कर्नल-पॉवर ४१ आणि मिनीडम्प फोल्डर रिकामं. यूपीएस होता, पण त्यातली बॅटरी जुनी. लाईट गेली की यूपीएसही सोबत जायचा.

मल्टिमीटर घेऊन बसलो. कॉम्प्रेसर उचलताना सॉकेटवरचा व्होल्टेज धाडकन खाली यायचा, तो डोळ्यांनी दिसला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नसावं, आमच्याकडं बरंच जास्त होतं. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात पूर्ण कोरडा पडला होता, त्यात मीठ-कोळसा भरून पाणी घालायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. एसएमपीएसच्या पिवळ्या वायरवर बारा व्होल्ट यायला हवेत, पाच टक्के इकडं-तिकडं चालतं, म्हणजे ११.४ पर्यंत. जड ड्रॉइंग उघडल्यावर आमचा ११.४ च्या खाली जात होता. एसएमपीएस चांगला घेतला, कॉम्प्युटरसाठी वेगळी लाईन ओढली, यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बदलली. कॉम्प्रेसर अजून तोच आहे.

फाउंड्री किंवा लेथजवळ मशीन असेल त्यांना कळकळीनं सांगतो, लोखंडाचा आणि ग्रॅफाइटचा भुगा वीज वाहून नेतो. ही साधी धूळ नव्हे. बोर्डावर ती साचली तर शॉर्ट होऊन बोर्डच जाईल. कॅबिनेटला जाळी लावा, नाहीतर कॉम्प्युटर काचेच्या केबिनमध्ये न्या.

खडे बाजार, बेळगाव, लग्नपत्रिका आणि डीटीपी

मशीन बंद पडायचं नाही, गोठायचं. माउस फिरतोय, पण कोरलमध्ये क्लिक लागत नाही, मग मिनिटभरानं सगळं एकदम पळतं. कधीकधी निळा स्क्रीन, "कर्नल डेटा इनपेज एरर". डिस्कवरून वाचायला गेलं आणि वाचता आलं नाही, असा त्याचा अर्थ.

डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅम उघडून बघा, दोन प्रकारचे आकडे महत्त्वाचे. "करंट पेंडिंग सेक्टर" किंवा "रीअलोकेटेड सेक्टर" वाढत असतील तर डिस्क मरायला लागली आहे. "यूडीएमए सीआरसी एरर काउंट" वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क चांगली असते, दोष साटा केबलचा (डिस्क बोर्डाला जोडणारी) असतो. आमच्याकडं हा दुसरा होता. केबल उलटून बघितली तर उंदरानं एका कडेला कुरतडलेली. नवीन केबलनं काम झालं. जुना आकडा शून्यावर येत नाही, तो तिथंच थांबला म्हणजे पास.

पहिला प्रकार असेल तर हात जोडून सांगतो, आधी फाइली दुसरीकडं काढा. लोक लगेच चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) /r लावून चालवतात, ते सगळी डिस्क घासून काढतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. ऐन लग्नसराईत कुणाच्या पत्रिकेचं मॅटर गेलं तर ते परत कुठून आणणार?

हल्याळ

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि ब्रॉडबँडच्या तारेतून आत आली. लाईटचा स्विच बंद होता, पण लॅनची वायर कुणी काढली नव्हती. त्यानंतर विंडोज सुरू होताना गोल चक्र फिरत राहायचं आणि अडकायचं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) जाऊन बोर्डावरचं लॅन बंद केलं, मशीन सरळ सुरू. आता यूएसबीचं लॅन अडॅप्टर वापरतो. ढग भरून आले की दोन्ही वायरी काढा.

चिकोडी, इंजिनिअरिंगच्या मुलीची आई

लॅपटॉपबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुलीचा लॅपटॉप मांडीवर घेतला की बंद, टेबलावर चालू. टचपॅडची एक कड किंचित वर आली होती, क्लिक कडक लागत होतं. दुकानदार म्हणाला टचपॅड बदला. मुलीनं खालचं झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली. ती काढून, चार्जर लावून चालवला तर अजिबात बंद पडला नाही. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, कचऱ्यातही टाकू नका. पेट घेते ती.

येळ्ळूर, दुरुस्तीचं काम करतो

वरचं सगळं बरोबर आहे. माझ्याकडं येणाऱ्यांना मी एकच विनवतो, एका वेळी एकच बदल करा. रॅम, एसएमपीएस आणि विंडोज एकदम बदललं तर नीट कशानं झालं ते कळत नाही, आणि चांगले भाग भंगारात जातात. सगळं काढा. ठेवायचं फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, बस्स. ग्राफिक कार्डही काढा, बोर्डावरच्या डिस्प्लेवर चालवा. टिकलं तर एकेक भाग परत लावत जा.

जुन्या बोर्डावर प्रोसेसरशेजारची छोट्या डबीसारखी कपॅसिटर बघा. डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी चिकट पाणी आलं असेल तर मशीन पहिल्यांदा चालू व्हायला कुरकुरणारच. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर हे फार व्हायचं. बदलताना १०५ अंशांचं, लो-ईएसआर लिहिलेलं घ्या.

आणि एसएमपीएस कुणी घरी उघडू नये. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

नंदगड

धागा वाचून पोराच्या मशीनवर पेनड्राइव्हचं लिनक्स लावलं. तिथंही गेम सुरू केला की चित्रावर रंगीत चौकोन येतात आणि गोठतं. मेमटेस्ट रात्रभर चालवलं, एकही लाल ओळ नाही. येळ्ळूरच्या भाऊंनी सांगितलं तसं ग्राफिक कार्ड काढून चालवतोय, अजून तरी बंद पडलेलं नाही. कार्ड नवीन घ्यायचं का?

येळ्ळूर

लगेच घेऊ नका. कार्डावरचे दोन्ही पंखे फिरतात का, आणि एसएमपीएसवरून कार्डाला जाणारी वेगळी वायर घट्ट बसलीय का बघा. मग तेच कार्ड शेजाऱ्याच्या मशीनवर लावा. तिथंही चौकोन आले तर कार्ड गेलं. तिथं नीट चाललं तर बहुतेक तुमचा एसएमपीएस कमी पडतोय, त्यावरच्या लेबलचा फोटो इथं टाका.