फी भरली, पण पहिल्या महिन्याचं काय?

गरजू पोरांसाठी देणगीदारांनी शिष्यवृत्त्या वाढवाव्यात असं म्हणतात, ते योग्यच. पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पोरांचं घोडं बहुतेकदा पहिल्या महिन्यावर अडतं. आयटीआयला फिटर-टर्नर झालेला पोरगा बेळगावात उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, शिकाऊ म्हणून लागतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं विद्यावेतनही मिळतं, पण ते हाती पडेपर्यंत खोलीचं डिपॉझिट आणि खानावळ कोण भरणार? सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा गावाकडची शेवटची बस गेलेली असते. मग पोरगा घरी परततो, आणि हे पाहून जीव तुटतो. देणगीदारांनी पहिल्या तीन महिन्यांचं राहणं-जेवण उचलावं. आणि मराठी शाळेतून आलेल्यांना कामापुरतं कन्नड शिकवावं. आमच्या गल्लीतला एकजण त्यामुळेच टिकला, आज सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) चालवतो.