छातीत कळ आली तर जीप काढायची की रुग्णवाहिकेची वाट बघायची?

घाटवाट: गेल्या महिन्यात पहाटे 3 वाजता सासऱ्यांच्या छातीत कळ आली. दरदरून घाम, डावा हात जड. आमचं गाव घाटात, तालुका 32 किलोमीटर. रुग्णवाहिकेला फोन केला तर जवळची गाडी बाळंतिणीला घेऊन जिल्ह्याला गेलेली, दुसरी यायला पाऊण तास. मी फोन ठेवला, शेजारच्यांची वडापची जीप काढली, सासऱ्यांना मागच्या बाकावर आडवं घातलं आणि तासाभरात दवाखाना गाठला. वाचले. पण मेव्हणा अजून बोलून दाखवतो, की मी त्यांचा जीव पणाला लावला. माझं मत ठाम आहे, खेड्यात हाताशी असेल ती गाडी काढावी.

रातपाळी: मी 6 वर्षं रुग्णवाहिकेवर डॉक्टर होतो. मला मेव्हण्यांचं पटतं. हार्ट अटॅकमध्ये पहिल्या तासाभरातच ठोके बिघडून माणूस अचानक जाण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. त्या क्षणी शॉक देणारं यंत्र लागतं. जीपमध्ये सासरे निपचित पडले असते तर तुमच्या हातात काय होतं? राज्यात 108 ची सेवा 2014 साली 937 गाड्यांवर सुरू झाली, तेव्हापासून गाडीवर डॉक्टर असतो. हे दुसऱ्या बऱ्याच राज्यांत नाही. आणि दम लागत असेल तर आडवं घालू नका, पाठीला टेकू देऊन बसवा.

घाटवाट: सुरुवातीच्या 937 गाड्या धरल्या तर तालुके 358. म्हणजे तालुक्याला सरासरी अडीच. एक बाळंतिणीकडे गेली, एक अपघाताला गेली, की आम्ही उंबऱ्यावर बसून काय बघायचं? यंत्र चांगलंच आहे, पण ते पाऊण तास लांब होतं.

माळावरची: मी जीपवाल्यांच्या बाजूची. दिराला रात्री झोपेत मण्यार चावली. दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून 9 किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, लस तिथंच मिळाली. निघताना सासूबाईंनी केंद्रात फोन लावला, म्हणून डॉक्टर दारात उभे होते. त्याच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, वाट बघत बसलो असतो तर पुढं श्वासच गेला असता.

रातपाळी: सापाच्या बाबतीत तुम्ही केलं तेच बरोबर. मण्यार आणि नागाच्या विषानं श्वास थांबतो, म्हणून लस असलेलं जवळचं ठिकाण आधी गाठायचं. फोन केलात हे तर फारच चांगलं. छातीच्या दुखण्यात मात्र वाटेतच माणूस जातो, म्हणून मी अडून बसलोय.

कमानीपाशी: तुम्ही दोघं एकच गोष्ट दोन टोकांनी ओढताय. आमच्याकडे गेली 4 वर्षं ठरलेलं आहे: जीप निघते, पण फोन चालू राहतो. रुग्णवाहिका तालुक्याकडून येते, आपण गावाकडून जातो, आणि फाट्यावर पेशंट बदलतो. निम्मा वेळ वाचतो. फक्त कोणत्या रस्त्यानं निघालो ते फोनवर सांगायचं, नाहीतर चुकामूक होते. जीपमध्ये एक माणूस छाती दाबता येणारा हवा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 सेंटिमीटर खोल. आमच्यातल्या 11 पोरांनी ते शिकून घेतलंय, त्यात दोन मुली आहेत.

रातपाळी: हे मला मान्य आहे. पण पेशंट बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर जीप थांबवून त्याला कडक जमिनीवर घ्या. धावत्या गाडीत गादीवर दाबून काही होत नाही. आणि ॲस्पिरिनबद्दल बरेच जण विचारतात: 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, पण 108 च्या डॉक्टरला विचारून. ॲलर्जी असेल, रक्त पडत असेल किंवा तोंड वाकडं झालं असेल, तर मुळीच नाही.

माळावरची: अपघाताचंही लिहा कुणीतरी. लोक जखमीला हात लावत नाहीत, पोलिसांच्या भीतीनं. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलं. मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. आमच्या गावात हे अजून कुणाला ठाऊक नाही.

घाटवाट: जीप काढली याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पण मी फोन ठेवला. घाट उतरताना मधल्या वळणावर दिवा लावलेली एक रुग्णवाहिका समोरून वर गेली. ती आमच्यासाठी निघाली होती का, ते मला कळलं नाही. मेव्हण्याला हे मी सांगितलेलं नाही, आज सांगणार आहे. कमानीपाशी, छाती दाबायला शिकवणारे तुमच्याकडे कुठून आले होते?