एमबीएच्या कॉलेजातलं खानदेश मंडळ : अनुभव लिहा

तापीकाठ
कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेश फेरीच्या) याद्या लागल्यात. गल्लीतल्या पोराने विचारलं, "भो, तठे आपलं कोणी भेटी का?" आणि जुनं सगळं वर आलं. म्हणून धागा. जळगाव, धुळे, शिरपूर, नाहीतर थेट पुणे, जिथे खानदेशी पोरांचं मंडळ चालताना पाहिलंय तिथलं कामाचं लिहा. उमाळे नकोत, नव्या पोरांना वापरता आलं पाहिजे.

सुरुवात करतो. आपले मोठे सण एमबीएच्या वेळापत्रकात बसतच नाहीत. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. तेव्हा पहिल्या वर्षाचे प्रवेशच चालू असतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा, नाहीतर इंटर्नशिपची धावपळ. कानबाईवर मंडळ उभं करायला गेलं की सगळे सिनियर जमतात, आणि ज्यांना गरज आहे ते अजून कॉलेजातच आलेले नसतात. पहिला कार्यक्रम भरीत पार्टीच ठेवा, डिसेंबरात. वांगी भरात असतात, वांगी भाजायला लागते ती शेतातली पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) वाळलेली असते, आणि पोरांची निदान तोंडओळख झालेली असते.

भुसावळ_जंक्शन
जळगावातल्या कॉलेजात खानदेश मंडळ म्हणजे पंढरपुरात वारकरी मंडळ 😂 सगळेच आपले, मंडळ कशाला?

पऱ्हाटी
@भुसावळ_जंक्शन तिथेच जास्त लागतं भाऊ. यावल-रावेरचा पोरगा लेवा गणबोली बोलतो, अमळनेर-शिरपूरचा अहिराणी, धडगावचा पावरी. एका बाकावर बसून तिघेही मोडकं इंग्रजी बोलतात. मंडळाचं नाव 'अहिराणी' ठेवलं की दोघे पहिल्याच दिवशी बाहेर. 'खानदेश' ठेवा. आणि यादी जिल्ह्याने नाही, तालुक्याने करा. "जळगाव जिल्हा" म्हटल्यावर कोणी कोणाकडे बघत नाही. "पारोळा" म्हटलं की लगेच "कोणत्या गल्लीतला?"

अपडाऊनवाली
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. बैठक संध्याकाळी ठेवू नका!! चाळीसगाव-पाचोरा, अमळनेर-धरणगावची पोरं मासिक पासवर रेल्वेने येतात. पाचनंतर ती स्टेशनवर. मग मंडळ होस्टेलवाल्यांचं होऊन बसतं, आणि अपडाऊनवाल्यांना फक्त वर्गणीचा मेसेज जातो. जेवणाच्या सुट्टीत २० मिनिटं, डबे उघडून. डब्यात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी निघाली की ओळख करून द्यायला लागत नाही. मुलींना शेतावरच्या पार्टीला यायचं असेल तर दुपारीच ठेवा. परतीची गाडी आधी ठरवा, मग तारीख.

केळीचंपान
६० जणांचा हिशोब, कोणाला लागला तर:
भरताची हिरवी मोठी वांगी १८ किलो (माणशी ३०० ग्रॅम, साल-देठ-पाणी जाऊन बरंच कमी उरतं). हिरवी मिरची १ किलो, लसूण पाऊण किलो, शेंगदाणे १ किलो, कांद्याची पात २ किलो, कोथिंबीर, फोडणीचं तेल दीड लिटर. कळण्याच्या पुऱ्यांना पीठ ६ किलो, ज्वारी चार भाग, उडीद एक भाग. तळणाचं तेल वेगळं धरा, वर्गणी नेहमी तिथेच कमी पडते.

वांग्याला तेलाचा हात लावायचा आणि सुरीने दोन-तीन टोचे मारायचे, नाहीतर फुटतं. देठ काढायचा नाही, उलटायला तोच धरायचा. भाजलं की गरम असतानाच सोलायचं आणि परात तिरकी ठेवून पाणी निथळू द्यायचं. ही पायरी घाईत सुटते आणि भरीत पातळ होतं. सोललेलं वांगं पाण्याने धुवायचं नाही, धुराचा वास तिथेच जातो. ठेचायचं बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत. मिक्सरमधून काढलं की चिकट लगदा होतो.

तापीकाठ
@केळीचंपान मिरची १ किलो? नंदुरबारचे आले तर पुरेल का 😄

पुण्यात_पण_मनाने_पारोळ्यात
पुण्यात काड्या कुठून आणायच्या? कॅम्पसवर गेटवालाच आगपेटी काढू देत नाही.

केळीचंपान
मग पुण्यात भाजूच नका. जळगावच्या भरीत सेंटरवर वांगी भाजून मिळतात. भाजलेली पूर्ण थंड होऊ द्या, मगच डब्यात भरा. गरम बंद केली की आंबतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल, सकाळी उतरवून घ्यायचं, फोडणी मेसच्या गॅसवर. कच्ची न्यायची तर क्रेटमध्ये कागद घालून. पोत्यात तळची दबतात, काळी पडतात.

अपडाऊनवाली
परवानगीच्या अर्जात तीन गोष्टी हव्यातच : किती माणसं, कार्यक्रम किती वाजता संपणार, जबाबदार सर किंवा मॅडम कोण. "सांस्कृतिक कार्यक्रम" एवढंच लिहिलं की अर्ज टेबलावर पडून राहतो.

सातपुडा
आमच्याकडचं थोडं. स्नेहसंमेलनात दरवर्षी कोणाला तरी काठी गावची आदिवासी होळी स्टेजवर आणायची हौस येते. त्यात नाचणाऱ्या बावा-बुध्यांचा साज नवसाचा असतो, आधी पाळणूक (व्रताचे नियम) असते. फॅन्सी ड्रेसमधून आणून घालू नका. अक्कलकुवा-धडगावची पोरं वर्गात असतील तर काय दाखवायचं, काय नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. ढोल आणि पावा ती स्वतः आणतात, आणि मग हॉलमध्ये कोणी बसून राहत नाही.

पऱ्हाटी
+१. कानबाईचंही तसंच. बऱ्याच घरांत रोट (कानबाईचा प्रसाद) भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, म्हणून होस्टेलवर रोटाचा घाट घालू नये. गाणी म्हणा, फुगड्या घाला, तेवढं सगळ्यांचं.

भुसावळ_जंक्शन
नंदुरबार १९९८ला वेगळा जिल्हा झाला, आमच्या काकांच्या लेखी अजून धुळ्यातच आहे.

प्लेसमेंटग्रस्त
खाण्यापलीकडे मंडळाचा खरा उपयोग जीडीला (प्लेसमेंटच्या गटचर्चेला). ८-१० जण, विषय द्या, पहिली दहा मिनिटं अहिराणीत नाहीतर लेवा बोलीत. मुद्दे धडाधड येतात. ते एकाने फळ्यावर मांडायचे. मग तोच विषय, तीच पोरं, पंधरा मिनिटं इंग्रजीत. गप्प बसणारी पोरं मुद्दे नसतात म्हणून गप्प नसतात, हे तिथे दिसतं. मध्ये कोणी हसला तर त्याला पुढच्या वेळी सूत्रधार करायचं, हसू बंद होतं. सिनियरने व्याकरण सुधारत बसू नये. आधी बोलू द्यावं.

तापीकाठ
हे आवडलं. "महागाई वाढी ऱ्हायनी" वर जीडी 😂

प्लेसमेंटग्रस्त
हसा. पण मंडळं मरतात कुठे ते ऐका. दुसऱ्या वर्षाची पोरं चौथ्या सेमिस्टरला प्लेसमेंट-प्रोजेक्टमध्ये गायब. तोपर्यंत सूत्रं दिली नसतील तर पुढच्या बॅचला भांडीवाल्याचा नंबरही माहीत नसतो. डिसेंबरच्या पार्टीतच पहिल्या वर्षाच्या दोघांना खजिनदाराच्या शेजारी बसवा. एक वही ठेवा : अर्जाचा नमुना, शेतमालकाचा नंबर, काय उरलं, काय कमी पडलं, शिल्लक किती. वर्गणी कोणाच्या घरखर्चाच्या यूपीआयवर घेऊ नका, किराण्यात मिसळली की हिशोब लागत नाही. त्याच रात्री ग्रुपवर बिलांचे फोटो.

पुण्यात_पण_मनाने_पारोळ्यात
वही लिहून घेतली. @केळीचंपान शेंगदाणे कूट करून ना?

केळीचंपान
अख्खे! तेलात तळून.

अपडाऊनवाली
आमच्याकडे खोबऱ्याचे कापही पडतात.

भुसावळ_जंक्शन
झालं, आता शंभर प्रतिसाद यावरच.