मुलांसोबत मेटल डिटेक्टिंग सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू? (लेस्टर, इंग्लंड)

लेस्टरकर_आई
नमस्कार मंडळी, आम्ही लेस्टरला राहतो, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ ची. मागच्या महिन्यात शेजारच्या आजोबांनी मुलाच्या हातात त्यांचा डिटेक्टर दिला आणि त्यांच्याच बागेत त्याला १९१७ ची पेनी सापडली, हिरवी पडलेली, पण राजाचा चेहरा दिसतोय. तेव्हापासून पोरगं झोपेतही तेच बडबडतंय. वीकेंडला टॅब घेऊन बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं असं आम्हा दोघांनाही वाटतं. मशीन कुठलं घेऊ, दोघांना दोन लागतील का, पार्कात चालतं का? आणि डिसेंबरमध्ये साताऱ्याला जाणार आहोत, मशीन सोबत नेऊ का? गावाच्या डोक्यावरच किल्ला आहे.

मातीतला_माणूस
ताई, आधी परवानगी मग मशीन. इथे प्रत्येक जमिनीला मालक आहे, पार्कसुद्धा काऊन्सिलचं, आणि बहुतेक ठिकाणी तिथे मनाई असते किंवा लेखी परवानगी लागते. शेतकऱ्याला प्रत्यक्ष जाऊन भेटा, मुलांना घेऊनच जा, आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी करायची ते आधीच कागदावर लिहून घ्या. कापणी झाली की पुढच्या पेरणीपर्यंत शेत मोकळं असतं, तोच काळ. शेड्यूल्ड मॉन्युमेंटवर, म्हणजे कायद्याने संरक्षित प्राचीन स्थळावर, मात्र अजिबात नाही, तो गुन्हा आहे.

मशीन एकच घ्या. मिनलॅबचं व्हँक्विश ३४० सुरुवातीला पुरतं, मुलीसाठी नोक्ताची लहान मुलांची हलकी मशिन्स मिळतात पण आत्ताच नको. त्याऐवजी पिनपॉइंटर घ्या, म्हणजे खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारा हातात मावणारा छोटा डिटेक्टर, आमच्याकडचा नारिंगी आहे, हुबेहूब गाजर. मोठा मुलगा मशीन फिरवतो, धाकटी खड्ड्यात गाजर घालते आणि ते थरथरलं की जी किंचाळते ना, त्यासाठीच आम्ही जातो खरं तर. गवतात खणताना तीन बाजूंनी कापून झाकणासारखं उचला, माती पॉलिथिनच्या तुकड्यावर काढा, मग परत भरून पायाने दाबा. खड्डा दिसला की शेतकरी पुढच्या वेळी नाही म्हणतो.

पहिले कित्येक तास कॅनची रिंग आणि फॉइलच निघेल, मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि वस्तू घासू नका!! जिथे सापडली ती जागा फोनवर मार्क करा, जागेशिवाय तिची निम्मी गोष्ट हरवते. २०१० मध्ये सॉमरसेटला फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्पना नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं, त्यांनी ते स्वतः उपसलं नाही, तसंच ठेवून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं, म्हणून ५२,५०३ रोमन नाणी थराथराने काढता आली. ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू किंवा अशी एकत्र पुरलेली नाणी निघाली तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे १४ दिवसांत कळवावं लागतं. तुमच्या काउंटीचा फाइंड्स लायझन ऑफिसर, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी, सगळं समजावून सांगतो, बाकी जुन्या वस्तूही त्याला दाखवा, मुलांशी ही माणसं फार प्रेमाने बोलतात.

वाळूवाली
६ वर्षांच्या मुलीसाठी समुद्रकिनाराच बरा गं, वाळू उपसायला सोपी. क्राउन इस्टेटच्या (राजमुकुटाच्या मालकीच्या जमिनी सांभाळणारी संस्था) किनाऱ्यांवर वेगळी परवानगी काढावी लागत नाही पण सगळे किनारे त्यांचे नाहीत, निघण्याआधी नकाशा बघ. ओहोटीला जा. १९९२ नंतरच्या पेन्या आतून पोलादाच्या, त्या खाऱ्या पाण्यात गंजून सुजतात, जुन्या ब्राँझच्या मात्र टिकतात, माझ्या लेकाला हे चुंबक लावून बघायला खूप आवडतं. आणि महायुद्धातला दारूगोळा अजूनही निघतो, गंजलेलं मोठं काही दिसलं तर हात न लावता लांब जाऊन ९९९.

गडवाट_पुणे
ताई, हात जोडून सांगतो, मशीन इकडे आणू नका. गुप्तधनाच्या नादाने आपल्या गडांवर लोकांनी किती ठिकाणी खणलंय ते डोळ्यांनी बघितलंय मी, वाड्यांची जोती उखडलेली, पायऱ्या फोडलेल्या. संरक्षित स्मारकात खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कुठेही जमिनीत दहा रुपयांवरचं काही सापडलं तरी १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं. पोरांना एखाद्या नाणेसंग्राहकाकडे न्या आणि शिवराई तळहातावर ठेवायला द्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि कडेचे ठिपके बोटाला लागतात.

लेस्टरकर_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. मशीन इथेच राहील, गडवाट दादा, आणि शिवराईचं ऐकून पोरगं आत्तापासूनच दिवस मोजतंय. शनिवारी आजोबांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे जातोय, मुलीने त्यांच्यासाठी चित्र काढून ठेवलंय. पिनपॉइंटर ऑर्डर केला, नारिंगीच.