लघुग्रह आतल्या उष्णतेने भाजले की टकरींनी?

वैनगंगा (धागालेखक)
२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात अशनी पडले. प्रकार एल६ (अक्षर रासायनिक गटाचं, आकडा दगड किती भाजला त्याचा: ३ म्हणजे जवळपास नाही, ६ म्हणजे खूप). १९४० साली मध्य प्रदेशात सेमरकोना इथे पडलेला अशनी एलएल३.०० प्रकारचा. दोघांचे जनक लघुग्रह वेगळे, पण दोघेही कॉन्ड्राइट, म्हणजे कधीच पूर्ण न वितळलेले. सेमरकोनाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मिलिमीटरभराचे कॉन्ड्र्यूल, म्हणजे वितळून गोठलेले खनिजांचे गोळे, दिसतात, कडा रेखीव, आतली काच अजून शाबूत. सहाव्या प्रकारात ती काच उरत नाही. तिच्या जागी फेल्डस्पार या खनिजाचे कण वाढलेले असतात आणि गोळ्यांच्या कडा भोवतालात मिसळून गेलेल्या असतात. ८००-९०० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ राहिल्याशिवाय हे होत नाही.

माझं ठाम मत आहे की ही उष्णता अ‍ॅल्युमिनियम-२६ची. हे किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम विरताना उष्णता सोडतं आणि त्याचं मॅग्नेशियम-२६ होतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षं. सूर्यमालेतल्या सर्वांत जुन्या घनकणांनंतर २१ लाख वर्षांनी जो लघुग्रह जमला, त्याच्या वाट्याला मूळ साठ्याचा आठवा हिस्साच आला. तो भाजला, वितळला नाही. बरेच आधी जमलेले वितळून गेले. राजस्थानातला पिपलिया कलां (१९९६) हा अशाच वितळलेल्या पिंडाचा तुकडा. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी १९९९ मध्ये त्यात मॅग्नेशियम-२६चा जादा अंश दाखवला, म्हणजे विरून गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा मागच. आपल्याकडच्या या कामाची पुरेशी चर्चा होत नाही याचं मला वाईट वाटतं.

म्हणून कांद्याच्या पापुद्र्यांचं चित्र मला पटतं. गाभ्यात सहावा प्रकार, त्यावर पाचवा, चौथा, आणि सालीपाशी तिसरा.

निकेलकण
अ‍ॅल्युमिनियम-२६ मान्य. कांदा अमान्य.

धातूचे कण बघा. टीनाइटच्या (लोह-निकेलच्या मिश्रधातूच्या) कणात निकेल कडेला जास्त आणि मध्यभागी कमी असतं. आलेख काढला की इंग्रजी एमसारखा आकार येतो. दगड थंड होताना निकेलला आत सरकायला जेवढा वेळ मिळाला तेवढंच ते सरकलं. त्यावरून ५०० अंशांच्या आसपास दगड किती वेगाने निवत होता हे काढता येतं. कांदा शाबूत असता तर एच गटात (एल, एलएलसारखाच कॉन्ड्राइटांचा आणखी एक गट) सहावा प्रकार सर्वांत संथ आणि चौथा वेगवान, अशी स्वच्छ उतरंड दिसली असती. ती दिसत नाही. काही एच४ दगड एच६इतकेच रेंगाळत निवले आहेत. शिवाय एकाच अशनीत वेगवेगळ्या प्रकारांचे तुकडे शेजारी शेजारी जुळलेले सापडतात.

इटोकावा या लघुग्रहाचंही तेच. हायाबुसा या जपानी यानाने २०१० मध्ये तिथून आणलेले कण ८०० अंशांच्या आसपास तापलेले निघाले, आणि इटोकावाची लांबी जेमतेम ५३५ मीटर. एवढ्याशा पिंडात ती उष्णता टिकणारच नाही. तो मोठ्या पिंडाच्या ढिगाऱ्यातून पुन्हा जमलेला आहे. माझ्या मते एच गटाचा जनकही गरम असतानाच फुटला आणि तसाच पुन्हा जमला.

सातपुडा
तुम्ही दोघंही टकरींना दुय्यम ठरवताय. काटोलच्याच दगडात वितळून गोठलेल्या शिरा आहेत, आणि त्यात ब्रिजमनाइट सापडल्याचं आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं. पृथ्वीत हे खनिज ६६० किलोमीटरच्या खाली असतं. लघुग्रहावर एवढा दाब टकरीशिवाय येत नाही. सुरुवातीचे पिंड सच्छिद्र होते, आणि सच्छिद्र दगडात आघाताची ऊर्जा जास्त प्रमाणात उष्णतेत बदलते. मग भाजण्याचं सगळं श्रेय किरणोत्साराला का?

वैनगंगा
सातपुडा, शिरांचा क्रम बघा. एल६ दगडांत त्या आधीच भाजून तयार झालेल्या पोताला छेदून जातात. भट्टी आधी, टक्कर नंतर. एल गटाचा जनक सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी फुटला. त्याची भट्टी त्याच्या ४०० कोटी वर्षं आधीच विझली होती. टकरीची उष्णता शिरेपुरती असते. अख्खा लघुग्रह शेकडो अंशांनी तापवेल एवढी मोठी टक्कर झाली, तर त्याचा चुराच होईल.

निकेलकण, तुमचा मुद्दा जास्त जड आहे. पण फॉस्फेट खनिजांची शिशावरून (युरेनियम विरून बनलेल्या) काढलेली वयं घ्या; ती दगड कधी निवला ते सांगतात. फ्रान्समधला सेंट मार्गेरिट (एच४) आणि स्पेनमधला ग्वारेन्या (एच६) यांच्यात जवळपास ६ कोटी वर्षांचं अंतर येतं, आणि सहावाच उशिरा निवलेला आहे. ही उतरंड कशी नाकारणार?

निकेलकण
नाकारत नाही, अपुरी म्हणतो. सेंट मार्गेरिट हा झटकन निवलेल्या मोजक्या एच४पैकी आहे. टकरीने खोलातून उकरून पृष्ठावर फेकला गेला असेल, तरीही तो असाच निवेल. संथ निवलेले एच४ तुमच्या कांद्याच्या कोणत्या पापुद्र्यात बसवायचे, तेवढं सांगा.