अनुभव धागा : तोच दिवा पुन्हा लागतो तेव्हा

गेल्या महिन्यात उजळाईवाडीच्या विमानतळावर आम्ही पाऊण तास विमानात बसून होतो. ‘इशाऱ्याचा दिवा लागतो आहे, तपासणी सुरू आहे,’ एवढेच सांगण्यात आले. शेजारच्या गृहस्थांना आदल्या आठवड्यातही याच कारणाने थांबावे लागले होते. कोल्हापूर परिसरातील ज्या मंडळींनी विमानांच्या देखभालीत किंवा उड्डाणात काम केले आहे, त्यांनी आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

राजारामपुरी, निवृत्त देखभाल अभियंता

मुंबईत नोकरीला असताना एका विमानाच्या सामानकक्षाच्या दाराचा दिवा आम्हाला तीन आठवडे छळत होता. विमान वर चढू लागले की तो लागायचा आणि खाली आम्ही तपासायला जाईपर्यंत विझलेला असायचा. दोनदा सेन्सर बदलला, एकदा कनेक्टर साफ केला आणि प्रत्येक वेळी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोष-दुरुस्तीच्या नोंदवहीत, ‘तपासणी केली, समाधानकारक’ असे लिहून नोंद बंद केली. त्याचे आजही वाईट वाटते. एमईएलमधील (कोणता भाग बिघडलेला असताना विमान उडवता येते, त्याची यादी) सी वर्गाचा दोष पुढे ढकलला, तर तो 10 दिवसांत दुरुस्त करावाच लागतो. नोंद बंद करून पुन्हा उघडत गेले की मात्र तो दर वेळी नवाच दोष ठरतो आणि त्याचे जुनेपण कागदावर उरत नाही. अखेर एका रात्री मीटर जोडून मी बिजागरीजवळची वायरिंग हाताने हळूहळू वाकवत गेलो, तेव्हा एका जागी मीटरचे आकडे नाचू लागले. क्लॅम्पखाली घासून वायरचे आवरण गेले होते आणि आतल्या केसासारख्या तारांपैकी दोनच शाबूत होत्या.

कागल, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुरुस्ती

आमच्या टेबलावर आलेले कार्ड, म्हणजे विमानातील उपकरणाचा सर्किट बोर्ड, खोलीच्या तापमानाला व्यवस्थित चालते. गार करून पाहिले की सोल्डरचा तडा उघडा पडतो. भिंगाखाली पिनेभोवती अंगठीसारखी बारीक काळी रेघ दिसते. 28 डिसेंबर 2014 रोजी सुराबायाहून सिंगापूरला निघालेले एअरएशियाचे विमान जावा समुद्रात कोसळून 162 जणांचा बळी गेला. त्या विमानात रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) हालचालीला मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेच्या कार्डावर असाच तडा होता आणि आदल्या बारा महिन्यांत त्या यंत्रणेतील बिघाड 23 वेळा नोंदला गेला होता. ‘दोष आढळला नाही’ हा शेरा लिहिताना माझा हात तेव्हापासून थांबतो.

जयसिंगपूर, प्रवासी

आमचे विमान अशाच दिव्यामुळे रद्द झाले आणि आम्ही रात्रीच्या बसने मुंबई गाठली. राग आला होता. वरचे वाचून तो उरला नाही.

रुईकर कॉलनी, निवृत्त वैमानिक

कॉकपिटची बाजूही लिहितो. 29 डिसेंबर 1972 रोजी ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानात पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. दोष केवळ बल्बचा होता, परंतु सगळे त्यातच गुंतले, उंची कमी होत असल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही आणि विमान मायामीजवळच्या दलदलीत आदळले. म्हणून विमान कोणी सांभाळायचे आणि दिवा कोणी पाहायचा, हे मी सहवैमानिकाशी आधीच बोलून घेत असे. उड्डाणापूर्वी टेक लॉगची मागची पाने उलटत असे आणि तोच दोष तिसऱ्यांदा दिसला, तर अभियंत्याला बोलावून विचारत असे, “साहेब, या वेळी वेगळे काय केले?” केवळ रीसेट केल्याचे उत्तर मिळाले, तर मी सही करत नसे.