‘किराळ’ म्हणजे बाधा, विष की कोवळी ज्वारी?

भाषांतरवाली: पशुपालकांसाठीचं पत्रक मराठीत करतेय. ‘कोवळ्या ज्वारीत सायनाइड असते’ असं लिहिलं. मामा म्हणाले, ‘किराळ लागते’ लिही. पण किराळ नेमकं कशाला म्हणतात?

सोलापूरकर: बाधेलाच. गाय कोवळ्या ज्वारीत शिरली, पोट फुगलं, धापा टाकायला लागली, की ‘किराळ लागली’. घरात याहून वेगळा शब्द ऐकलेला नाही.

मराठवाडी: आमची आजी कापणीनंतर बुडख्यातून येणाऱ्या फुटव्याला किरळ म्हणायची. ते खाऊन जनावर दगावतं, म्हणून नाव बाधेला चिकटलं असणार.

कृषी पदवीधर: शब्द कोणताही घ्या, पण ‘सायनाइड असते’ हे खोडा. पानात ते आयतं नसतं. धुरीन नावाचं रसायन पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत साठलेलं असतं, आणि ते फोडणारं एन्झाइम आतल्या पेशींत. पान चावलं गेलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. पानं कुरतडणारी अळी असो की गाय, रोपाला सारखंच. रोप लहान असताना धुरीन भरपूर असतं, वाढीबरोबर त्याचं प्रमाण उतरत जातं. पावसाने ताण दिला किंवा युरिया जास्त पडला की चढतं.

भाषाप्रेमी: एन्झाइम कशाला? ‘विकर’ आहे की. शाळेच्या पुस्तकात शिकवतात.

सोलापूरकर: गोठ्यात उभं राहून वाचणाऱ्याला विकर कळणार नाही. ‘पानातला रस’ म्हणा.

भाषाप्रेमी: रस म्हटलं की अर्थच बदलला. वापरलाच नाही तर शब्द टिकणार कसा?

मराठवाडी: धुरीन हे ‘धूर’वरून आलं का? विषारी वायू सुटतो ना.

कृषी पदवीधर: नाही. अरबीत ज्वारीला ‘धुरा’ म्हणतात. 1902 मध्ये डन्स्टन आणि हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनी इजिप्तच्या ज्वारीतून हा पदार्थ वेगळा केला, तिथून नाव पडलं.

मराठवाडी: तरी ‘धूर’ कानाला पटतो.

भाषांतरवाली: मग ‘कोवळी ज्वारी चरल्यास जनावराला किराळ लागते’ एवढं ठेवू का?

सोलापूरकर: ठेवा. फुलोऱ्यात येईपर्यंत चारू नका, हेही ठळक लिहा.

मराठवाडी: खोडव्याचे फुटवे विसरू नका, ते रोपाइतकेच घातक. तिथेच ‘किरळ’ शब्द चपखल बसतो.

सोलापूरकर: एका पत्रकात किराळ आणि किरळ दोन्ही? गोंधळ होईल.

भाषाप्रेमी: विदर्भातलं कुणी आहे का इथे? तिकडे काय म्हणतात ते आधी कळू द्या.